साहेबांच्या मनगटावरचा हात

त्या शनिवारी शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाकांवर माणसं, बाकांच्या पाठींवर माणसं, खिडकीच्या गजांना धरून बाहेर लोंबकळणारी माणसं. एरवी या विशेष मुलांच्या शाळेकडे रस्त्याने जाणारा माणूस मान वळवूनही बघत नाही. पालकसभेला पंधरा खुर्च्या मांडाव्यात आणि त्यातल्या नऊ तशाच उचलून ठेवाव्यात, अशी रीत. पण आजची गोष्टच वेगळी होती. चौदा वर्षांत तोंडातून एक शब्द न काढलेली मुलगी आज सगळ्यांशी बोलणार होती.

मुलीचं हजेरीपटावरचं नाव काहीही असो, तिला सगळे साहेब म्हणायचे. नाव बापाने पाडलेलं. बाप शिंपी. घरात ही पोर नुसतं बोट दाखवून सगळ्यांना कामाला लावते म्हणून तो म्हणायचा, "आमच्या घरी मालक मी, पण साहेब ती." साहेब आता व्यासपीठावर टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात अक्षरपाटी होती, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली बाराखडी आणि खाली काना-मात्रा-वेलांट्यांची एक ओळ. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले सर उभे होते आणि साहेबांचं मनगट त्यांच्या हातात होतं.

बोट सरसर फिरू लागलं. शाळेतल्या धाकट्या बाई माइकवर एकेक अक्षर जुळवून वाचत होत्या.

"मी... गप्प... होते... रिकामी... नव्हते!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तिसऱ्या रांगेत पॅकिंगच्या कारखान्यात काम करणारी एक आई हुंदके देऊन रडू लागली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटानेही गेल्या आठवड्यात 'आई' असं लिहिलं होतं.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "देह हे कुलूप आहे. मन हा खजिना आहे. आणि किल्ली?" त्यांनी तळहात उंच धरला. "किल्ली तुमच्या स्पर्शात आहे! विज्ञान जिथे दमून खाली बसतं ना, तिथे स्पर्श उठून चालायला लागतो. मी गुरू नाही हं. मी नुसती वाट आहे."

या वाटेबरोबर फोटो काढून घ्यायला दाराशी रांग लागली होती, आणि वाट दर फोटोला न चुकता जरा डावीकडे मान करत होती.

सर शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आले होते. तीन आठवड्यांचा वर्ग, शाळेच्या आठही शिक्षिकांना सक्तीचा. बोलता न येणाऱ्या मुलांचं म्हणणं कसं समजून घ्यावं, हा विषय. समजून घ्यायची पद्धत एकच: मनगट धरायचं आणि पाटीवर लिहू द्यायचं. नियम तीन. हात सोडायचा नाही. शंका घ्यायची नाही. आणि परीक्षा तर मुळीच घ्यायची नाही, कारण परीक्षेने मुलाचं मन दुखावतं.

"आता आपल्या ज्येष्ठ शिक्षिका साहेबांचा हात धरतील," सर म्हणाले. "माझ्याही पुढे गेल्यात त्या. त्यांच्या हातात साहेब अगदी मोकळ्या होतात."

थोरल्या बाई उठल्या. वय चोपन्न, त्यातली एकतीस वर्षं याच शाळेत गेलेली. कौतुकाची सवय नसल्यामुळे त्या पायरीला ठेचकाळल्या. साहेबांचं मनगट त्यांनी हलकेच हातात घेतलं. सकाळीच सर त्यांना म्हणाले होते, "या मुलीला आमच्या निवासी केंद्राची किती ओढ लागलीय, तुम्हाला जाणवत असेलच." बाईंना तेव्हा तसं खास काही जाणवलं नव्हतं. पण आता बोट चालू लागलं आणि धाकट्या बाई वाचू लागल्या.

"मला... सरांच्या... केंद्रात... राहायचं आहे. घरी... मला... कुणी... समजून घेत नाही."

सभागृहातून 'अरेरे' निघालं. पहिल्या रांगेत शिंपी बसला होता. गळ्यातली मोजपट्टी काढायचीही त्याला आठवण राहिली नव्हती. ती हातात गोळा करून तो खाली बघत राहिला. मग उठून म्हणाला, "साहेबांचा हुकूम. जाऊ दे तिला." लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. पुढच्या शनिवारी समारोप, आणि समारोपानंतर सरांच्याच गाडीतून साहेब जाणार असं ठरलं. केंद्र इथून पाच तासांवर होतं. पालकांनी पहिलं वर्षभर भेटायचं नाही, असा तिथला नियम होता.

थोरल्या बाई घरी आल्या. घर म्हणजे दोन खोल्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे आई होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती अकरा महिने पडून होती, आणि त्या अकरा महिन्यांत तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. बाईंनी तिचं सगळं केलं, न्हाऊ घालण्यापासून भरवण्यापर्यंत. शेवटी शेवटी आई नुसती टक लावून बघायची, आणि त्या बघण्याचा अर्थ काय, हे बाईंना कधी कळलं नाही. आई गेली तशीच गेली. आता दर रविवारी भावाचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं.

म्हणूनच सर आल्यापासूनचे दोन आठवडे बाईंना सोन्यासारखे वाटत होते. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की कोपऱ्यातल्या खोलीत त्या आणि साहेब दोघीच बसायच्या. मनगट हातात घेतलं की साहेब लिहायच्या. 'बाई, तुम्ही आलात की बरं वाटतं.' 'बाई, तुमचा हात उबदार आहे.' आणि एकदा लिहिलं, 'तुम्ही माझं खूप केलंत. मला सगळं कळत होतं.' त्या दिवशी बाई फळ्याकडे तोंड करून पोटभर रडल्या. किती वर्षांनी त्यांच्याशी कुणीतरी बोलत होतं! हे सगळं लिखाण त्या एका वहीत उतरवायच्या आणि वही साहेबांच्या दप्तरातून घरी पाठवायच्या. बापानेही वाचावं, त्यालाही कळावं आपली पोर काय आहे ते.

बापाने वाचलं. बुधवारी दुपारी तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

त्याने वही उघडली. एका पानाला खूण म्हणून कापडाची चिंधी घातली होती. "हे बघा. 'संध्याकाळी घर खायला उठतं. दिवा लावायलाही हात उठत नाही. कुणाशी बोलू?' हे काही मला उमजेनासं झालंय."

"एकटं वाटत असेल तिला."

"अहो, पण कधी वाटणार? आम्ही तीन खोल्यांत नऊ माणसं. संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड, तीन मशिनी धडधडतायत, आणि साहेब कटिंगच्या टेबलाखाली बटणं निवडत बसलेल्या. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागतो म्हणून सगळ्यांवर डाफरत असतात. एकटं बसायला मिळावं म्हणून मी स्वतः संडासात जाऊन बसतो बाई!" तो हसला, पण हसू टिकलं नाही. "आणि दिव्याचं म्हणाल तर ते खातंच तिचं आहे. बटण दाबायला इतकं आवडतं तिला, की भर दुपारी लावते आणि माझ्याकडून बोलणी खाते."

बाईंनी ती चिंधी पुन्हा त्याच पानात ठेवली.

"पण लिहिलंय म्हणजे असेलच," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझी पोर मला कळते. भूक लागली की कशी बघते, कंटाळली की कशी नाक ओढते. काही कळत नव्हतं मला. चौदा वर्षं नुसती मिजास. जाऊ दे तिला शनिवारी. तिथे तरी कुणी समजून घेईल."

तो गेला. घर खायला उठतं, हे वाक्य बाईंचं होतं. रोज संध्याकाळी कुलूप उघडताना हेच वाक्य त्यांच्या मनात यायचं. ते त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. बोलायला होतंच कोण? मग साहेबांना कुठून कळलं?

हाच प्रश्न सरांना विचारला असता तर ते डोळे मिटून म्हणाले असते, "मनाला मन कळतं, बाई." आणि पूर्वीच्या बाईंनी मान डोलावली असती. आता मात्र मान हलेना.

दाराजवळची फरशी पुसत असलेल्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. वीस वर्षं शाळेत आया म्हणून राबलेल्या, प्रत्येक मुलाची शी-शू ओळखणाऱ्या. त्यांनी फडकं पिळलं.

"मी अडाणी, मला काय कळतंय. पण बाई, तुम्ही मोबाइलवर लिहिता तेव्हा बघता कुठे?"

"मोबाइलकडे. आणखी कुठे बघणार?"

"मग साहेब खिडकीबाहेर बघत कशा काय लिहितात?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सर म्हणतात, डोळ्याच्या कडेने दिसतं त्यांना."

"असेल बाबा. मला तर नाकासमोर धरलं तरी अक्षर लागत नाही." मावशींनी बादली उचलली. "आणि ती हात सारखा ओढून घेत असते, ते?"

"ती ऊर्जा असते."

"हां. ऊर्जा," मावशी म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या एका शब्दात त्यांनी सरांचं सगळं प्रशिक्षण बादलीत बुडवलं होतं.

गुरुवारी बाई शाळेत नुसत्या बसून होत्या. या शाळेत हात धरून शिकवणं हा रोजचाच उद्योग. चमचा धरायला, बटण लावायला, ब्रश फिरवायला, सगळीकडे शिक्षिकेचा हात मुलाच्या हातावर. एकतीस वर्षं हेच केल्यावर आपला जोर किती आणि मुलाचा किती, हा हिशेब हातच विसरून गेलेले असतात. मात्र बटणाच्या बाबतीत एक पक्कं ठरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात पूर्ण हात, मग नुसतं मनगट, मग कोपराला एक बोट, आणि शेवटी काहीच नाही. हात काढून घेतल्यावर बटण लागलं, तरच मूल शिकलं म्हणायचं. आणि सरांचा पहिलाच नियम होता, हात सोडायचा नाही. म्हणजे बटण कोण लावतंय हे कधीच कळायचं नाही! नवख्या शिक्षिकेने बटणाच्या तासाला असं केलं असतं तर बाईंनी तिची खरडपट्टी काढली असती. स्वतः मात्र दोन आठवडे आनंदाने फसल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावर मधोमध खडूंचा मोठा रिकामा खोका उभा केला. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला बाई, आणि खोक्याखालून फक्त हात जाईल एवढी फट. पाटी खोक्याच्या टोकाशी, दोघींना दिसेल अशी. मावशींच्या पिशवीत चमचा, किल्ली, कंगवा, चेंडू असल्या वस्तू होत्या. साहेबांच्या रोजच्या वापरातल्या.

"मावशी, दोघींना एकेक वस्तू दाखवायची. कधी सारखी, कधी वेगवेगळी. केव्हा काय, ते मला कळू द्यायचं नाही. बोट काय लिहितं ते मी मोठ्याने सांगेन. साहेबांनी पाहिलेलं आलं तर उजवीकडे काडी ठेवा, नाही आलं तर डावीकडे."

दहा वेळा झालं. बाईंनी अगदी मनापासून केलं. ओढलं नाही, ढकललं नाही, नेहमीसारखाच हात ठेवला. आणि बोट नेहमीसारखंच सरसर चाललं. चमचा. किल्ली. चेंडू. एकदाही अडखळलं नाही.

"बघा मावशी, कसं झरझर लिहितायत!" बाईंच्या जिवात जीव आला.

मावशींनी खोका बाजूला केला. पाच काड्या उजवीकडे, पाच डावीकडे.

"पाच वेळा दोघींना एकच वस्तू दाखवली, पाच वेळा वेगळी," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "बाई, दहाही वेळा तुम्ही पाहिलेलंच लिहून आलं."

"अजून एकदा," बाई घाईने म्हणाल्या. "या वेळी मला काहीच दाखवू नका. फक्त तिला दाखवा."

बोट पाटीवर भिरभिरलं. कुठेच टेकेना. बाईंच्या मनात आलं, कंगवा असेल, आणि बोट 'क'कडे निघालं. तेव्हा त्यांना ते जाणवलं. त्यांच्याच दंडात एक बारीकशी ओढ होती, पापणी लवावी इतकी हलकी. त्यांनी मागितली नव्हती, तरी होती. त्यांनी खोक्यावरून वाकून पाहिलं. साहेबांच्या पुढ्यात चेंडू होता. साहेब खिडकीबाहेर बघत होत्या.

बाईंनी हात सोडला.

साहेबांनी ताबडतोब हात छातीशी घेतला आणि मनगट चोळलं. मग उठून त्या कपाटाशी गेल्या आणि दारावर थापा मारू लागल्या. कपाटात त्यांची कापडी वही होती. बापाने शिवलेली, पानापानाला खिसा, खिशात चित्रं: ग्लास, चप्पल, झोपाळा, 'पुरे'चा उभा तळहात. तीन वर्षांच्या मेहनतीने साहेब त्यातली बावीस चित्रं वापरायला शिकल्या होत्या. सरांनी पहिल्याच दिवशी ती कुलपात टाकायला लावली होती. "हा पांगुळगाडा आहे," ते म्हणाले होते. "गरुडाला पांगुळगाडा कशाला?"

मावशींनी कपाट उघडलं. साहेबांनी वही हिसकावली, पानं उलटली आणि ग्लासाच्या चित्रावर बोट आपटलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. डोळे थेट बाईंकडे.

दोन ग्लास पाणी पिऊन त्या थांबल्या. रोज दुपारी या वेळी साहेब 'बाई, तुमचा हात उबदार आहे' असलं काहीतरी लिहीत होत्या, आणि त्यांना तहान लागलेली असायची!

मावशी त्यांना घेऊन बाहेर गेल्या. बाई खोलीत एकट्याच राहिल्या. तुम्ही माझं खूप केलंत, मला सगळं कळत होतं. आईकडून जे ऐकायला त्यांचे कान अकरा महिने आसुसले होते, ते त्यांनीच एका परक्या पोरीचं बोट धरून स्वतःला लिहून घेतलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त काय वाटलं असेल तर दुःख. दोन आठवडे कुणीतरी होतं. आता कुणीच नव्हतं. खरं तर त्या आधीही कुणी नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. पण उद्या दुपारी गाडी निघणार होती.

शनिवारी पुन्हा तोच कडकडाट, तीच गर्दी, फक्त फोटोची रांग आणखी लांब. सरांचं समारोपाचं भाषण रंगात आलं होतं. "शब्द वरवरचे असतात, स्पर्श खोलवरचा असतो..." थोरल्या बाई माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात खडूंचा खोका.

"सर, जायच्या आधी एक छोटासा प्रयोग करू या. साहेबांना एक चित्र दाखवायचं, हात धरणाऱ्याला दुसरं. बघू या बोट कुठलं लिहितं."

सरांचं हसू क्षणभर थांबलं. "बाई, तिसरा नियम विसरलात? परीक्षेने मन मिटतं. शंकेच्या लहरी फार वाईट हो."

"एवढं सगळं लिहिणाऱ्या मुलीला 'कमळ' लिहायला काय जड जाणार आहे?"

"मी हात धरणार नाही. मुलांचा अपमान होईल असं काही मी करत नाही."

तोच धाकट्या बाई ताडकन उठल्या. संतापाने त्यांचे कान लाल झाले होते. "मी धरते! बाई, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी धरते आणि दाखवते तुम्हाला."

"ठेव विश्वास, मुली," सर म्हणाले खरे, पण ते माइकपासून दाराच्या बाजूला सरकले होते.

मधे खोका. साहेबांच्या बाजूला छत्रीचं चित्र, धाकट्या बाईंच्या बाजूला घड्याळाचं. सभागृहाला दोन्ही दिसत होती, त्या दोघींना फक्त आपापलं. बोट चाललं. धाकट्या बाई ठणठणीत आवाजात वाचू लागल्या, "घ... ड्या... ळ! बघा!"

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुसऱ्यांदा साहेबांना मासा आणि धाकट्या बाईंना टोपी. बोटाने लिहिलं टोपी. तिसऱ्यांदा साहेबांना झाड, धाकट्या बाईंना सायकल. सायकल. आता हसणंही थांबलं होतं. धाकट्या बाईंनी सभागृहातले चेहरे पाहिले, उठून पलीकडे डोकावल्या आणि मटकन खाली बसल्या.

"मी ढकलत नव्हते हो! आईशपथ, मी काही करत नव्हते!"

"मला माहीत आहे," थोरल्या बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "मीही ढकलत नव्हते. कुणीच ढकलत नाही, म्हणून तर इतकं खरं वाटतं." मग त्या शिंप्याकडे वळल्या. "तुमच्याकडे दोरा आणि बटण असेल?"

असणारच. वीतभर दोऱ्याला बटण बांधून त्यांनी ते शिंप्यालाच दिलं. "हात हलवू नका. फक्त मनात म्हणा, बटण डावी-उजवीकडे झुलतंय." शिंप्याने हात अगदी दगडासारखा धरला. बटण जरा थरथरलं आणि डावीकडे-उजवीकडे झुलू लागलं. त्याचे डोळे विस्फारले.

"आता म्हणा, गोल फिरतंय."

बटण गोल फिरू लागलं.

"यात जादू नाही," बाई म्हणाल्या. "मनात जे येतं त्याच्या मागे हात जातो, इतका हळू की हाताच्या मालकालाही कळत नाही. तबकडीवर बोटं ठेवून मेलेल्यांना बोलावणारे असतात ना, त्यांचीही तबकडी अशीच पळते. घरी जाऊन करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका." त्यांनी दोरा शिंप्याकडून परत घेतला. "साहेबांनी आजवर जे जे लिहिलं ते त्यांनी लिहिलेलं नाही. केंद्रात जायचंय, हे माझ्या हाताने लिहिलं, कारण सकाळी ते माझ्या कानावर पडलं होतं. घर खायला उठतं, तेही मीच लिहिलं. ते माझं घर आहे. माझी आई शेवटपर्यंत बोलली नाही, म्हणून मी एका पोरीकडून माझंच कौतुक लिहून घेतलं. सरांना हे माहीत होतं की नव्हतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायलाच बंदी असते, तिथे पहिल्यांदा परीक्षाच घ्यायची, एवढं तरी मला एकतीस वर्षांत कळायला हवं होतं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. सरांनी पाय काढता घेतला होता. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि विज्ञान जिथे दमून बसतं तिथून स्पर्श गाडीत बसून पळाला.

शिंपी व्यासपीठावर आला. "मग... ती तसं म्हणाली नाही?"

"नाही."

"मग काय म्हणते ती?"

बाईंना खोटं बोलायचा फार मोह झाला. 'बाबा, तुम्ही मला आवडता' असं काहीतरी सांगितलं असतं तर तो माणूस तिथेच पाझरला असता.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बावीस चित्रांपुरतं माहीत आहे. आणि भूक लागली की कशी बघते, ते तुम्हाला माहीत आहे. ते खरं होतं. तुमची ती मिजास नव्हती."

शिंप्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. साहेबांनी त्याच्या गळ्यातली मोजपट्टी ओढली, दाराकडे बोट दाखवलं आणि जोरात नाक ओढलं. "कंटाळल्या," तो म्हणाला. रडत होता की हसत होता, सांगता येत नव्हतं. "चला साहेब." दोघं गेले.

सभागृह रिकामं व्हायला वेळ लागला नाही. चमत्काराला आलेली माणसं चमत्कार संपल्यावर चहालाही थांबत नाहीत. धाकट्या बाई निघून गेल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आधी माझ्या कानावर घालायचं होतंत." बाई खुर्च्या उचलत राहिल्या.

एक जण मात्र गेली नव्हती. पॅकिंगच्या कारखान्यातली ती आई. शेजारी तिचा नऊ वर्षांचा मुलगा.

"तो मला आई म्हणाला होता," ती म्हणाली. "नऊ वर्षांत एकदा. ते तुम्ही काढून घेतलंत."

बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही असंच काहीतरी होतं. माझंही गेलं."

"मग कशाला केलंत हे? सुखाने राहू द्यायचं होतं."

"तुम्ही त्याच्या पाटीशी बोलत राहिला असतात आणि तो शेजारी एकटाच बसून राहिला असता. आपल्याला बरं वाटावं म्हणून आपण त्यांना गप्प केलं हो. त्याला काय म्हणायचंय ते कळायला वर्ष लागेल, दोन लागतील. कदाचित तो आई म्हणणारही नाही. पण जे म्हणेल ते त्याचं असेल. ते मी तपासून बघेन, आणि तुम्हीही बघा."

नाक पुसून त्या आईने विचारलं, "पहिल्यांदा काय करायचं?"

"पहिल्यांदा त्याचा हात सोडा."

तिने सोडला. मुलगा लगेच दोन पावलं पुढे गेला आणि भिंतीवरच्या कवडशासमोर उभा राहिला.

"आता?"

"आता थांबायचं. तो कुठे बघतो ते बघायचं."

बाईंनी दोन खुर्च्या परत मांडल्या. दोघी त्याच्या मागे बसून कवडशाकडे बघत राहिल्या.